पाण्यात उभा केलेला माणूस कंबरेत कापल्यासारखा का दिसतो?

दर श्रावणात, आणि मग पुन्हा गणपती विसर्जनानंतर, मला पेस्टलच्या चित्रांचे फोटो येतात, आणि तक्रार एकच. नदी काढलेली असते, नदीत माणसं उभी असतात आणि खाली लिहिलेलं असतं, "सर, काहीतरी चुकतंय, पण नेमकं काय ते सापडत नाही." सापडायला फोटो मोठा करावा लागत नाही. माणूस पाण्यात नसतोच. कंबरेपासून कात्रीने कापून निळ्या कागदावर चिकटवलेला असतो. खडू बदलून झाले, कागद बदलून झाला, फोटोवरून काढलं, नदीवर बसून काढलं, तरी पुढच्या चित्रात माणूस परत कापलेलाच.

मी हसत नाही, कारण या चुकीबरोबर मी सहा वर्षं संसार केला आहे. घर धुळ्यात, पांझरेपासून जवळ. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशात कानबाई ही देवी बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. डोक्यावर चौरंग, त्यावर नथ घातलेली नारळाची कानबाई, आणि ती घेऊन गुडघाभर पाण्यात उतरलेली बाई: हे दृश्य मी सॉफ्ट पेस्टलमध्ये (म्हणजे पूड सुटणाऱ्या मऊ रंगीत खडूंनी) किती वेळा काढलं ते मोजलं नाही. एका वर्षी जमलं असं वाटलं म्हणून शेजारच्या काकूंना दाखवलं. त्या दरवर्षी कानबाई बसवतात. चष्मा पुसून त्यांनी चित्र नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हाई बाई पानीमा उभी नही शे, पानीवर ठेयेल शे." पाण्यात उभी नाही, पाण्यावर ठेवलेली आहे. मग लुगड्याच्या काठावर बोट ठेवून विचारलं, की एवढ्या पाण्यात उतरूनही हिचं लुगडं कोरडं कसं?

निम्मं उत्तर त्या प्रश्नातच होतं. मी मात्र ते पाण्यात शोधत बसलो होतो.

रेघ नाही, पट्टा

आपली सगळ्यांची रीत अशी असते: आधी माणूस पुरा करायचा, चेहरा, बांगड्या, साडीचे काठ सगळं. मग पाण्याला हात घालायचा आणि निळा खडू माणसाच्या कडेपर्यंत आणून थांबवायचा. खडू जिथे थांबतो तिथेच माणूस कापला जातो.

पुढच्या वेळी नदीवर जाल तेव्हा चेहरे सोडा. पाणी जिथे अंगाला लागतं त्याच्या वर वीतभर आणि खाली वीतभर, एवढीच जागा बघत बसा. सुती लुगडं पाण्यातून ओल वर ओढतं. पाण्याच्या वर चार बोटं, कधी वीतभर कापड ओलं होऊन मूळ रंगापेक्षा दोन छटा गडद झालेलं असतं. ही ओल सरळ रेषेत चढत नाही. निऱ्यांच्या घडीत जास्त चढते, फुगलेल्या भागावर कमी. त्याखाली कापड पाण्याला टेकतं तिथे एक बारीक कड असते, पण ती सलग नसते: कुठे चमकते, कुठे काळी पडते, आणि बऱ्याच ठिकाणी दिसतच नाही. त्याच्याखाली लुगड्याचंच प्रतिबिंब सुरू होतं, तेही गडद. म्हणजे वरची ओल गडद, खालचं प्रतिबिंब गडद, आणि मधली कड अर्धी हरवलेली. कोरड्या साडीपासून उघड्या पाण्यापर्यंतचा हा प्रवास एका रेघेत उरकता येत नाही. तो दोन विती रुंदीचा पट्टा आहे आणि त्या पट्ट्यात माणूस आणि पाणी एकमेकांत मिसळलेले असतात.

नायलॉन किंवा सिंथेटिक साडी ओल एवढी चढवत नाही, पण अंगाला चिकटते. पाणी कंबरेपर्यंत आलं की पदरात हवा धरून ती पाण्यावर फुगते. पोहणाऱ्या पोरांच्या उघड्या अंगावर ओलीचा पट्टा नसतोच, कारण पोरगं आधीच डोक्यापासून भिजलेलं असतं. तिथे हे काम ओघळ करतात. म्हणजे आधी बघायचं की पाणी कशाला लागलंय.

कागदावर हे असं करा. माणूस पुरा करू नका. कडक खडूने नुसता आकार मांडा आणि पाण्याची पातळी अगदी फिकी दाखवा. मग गडद तपकिरी खडूचा बोटभर तुकडा आडवा धरून त्या पातळीवरून वरून खाली ओढा, असा की तो साडीतही जाईल आणि पाण्यातही. बोट एकदाच फिरवा, दुसऱ्यांदा नाही. आता वरच्या बाजूने साडीचा रंग आणि खालच्या बाजूने पाण्याचा रंग त्या गडद पट्ट्यावर आणत या. जिथे दोन्ही भेटतात तिथली साधारण तिसरा हिस्सा कड हरवू द्या. चमकणारी कड अगदी शेवटी, तीही तुटक, दोन-तीन ठिकाणी.

आणखी एक सवय लावून घ्या: पाण्यात वापरलेले निदान तीन खडू माणसातही दिसले पाहिजेत. माझ्याकडे ते बहुतेकदा जळका सिएना (लालसर तपकिरी), गढूळ पिवळसर करडा आणि गडद सेपिया (काळपट तपकिरी) असतात. माणसाचा एक डबा आणि पाण्याचा दुसरा असे खडू वेगळे मांडून बसलात की पुढची फसगत ठरलेली.

पातळीची रेषा सरळ नसते, हेही इथेच सांगतो. कंबर गोल आहे आणि आपण काठावरून, म्हणजे वरून बघतो. पाण्याने कापलेला तो गोल आपल्याला लंबवर्तुळ दिसतो. जवळच्या माणसाभोवती जास्त उघडा, लांबच्या माणसाभोवती जवळजवळ सपाट. फ्रेंच चित्रकार एदगार देगाने १८८६ साली पेस्टलमध्ये टबात बसून अंग धुणारी बाई काढली, तिथे नजर उंचावर आहे आणि टबाचा गोल मोठा उघडलेला आहे. पाणी असं त्या चित्रात फारसं दिसतच नाही, तरी बाई पाण्यात आहे याची शंका येत नाही. आपण मात्र घाटाच्या वरच्या पायरीवर बसायचं आणि सगळ्या माणसांना पट्टीने ओढलेल्या एकाच सरळ रेषेत कापायचं!

तरंगांचे गोल डोहात किंवा तळ्यात काढा. वाहत्या पाण्यात प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला माणसाला पाणी जरा चढतं आणि प्रवाह जातो त्या बाजूला शेपूट सुटतं. पुराच्या पांझरेत उभ्या माणसाभोवती कमळासारखी वर्तुळं काढलेली मी पाहिली आहेत. नदी थांबल्यासारखी वाटते.

तळ दिसणार की आकाश?

हा निर्णय पहिला खडू टेकवण्याआधी घ्यायचा असतो, आणि बहुतेक जण तो घेतच नाहीत. म्हणून एकाच पाण्यात खालचे पायही स्पष्ट दिसतात, वरचं प्रतिबिंबही स्पष्ट दिसतं, आणि चित्र गोंधळतं.

पाणी सरळ वरून बघितलं तर जेमतेम २ टक्के उजेड परत फेकतं. नजर जसजशी तिरकी होते तसा हा आकडा आधी हळूहळू आणि मग झपाट्याने वाढतो. काठावर उभं राहून डोळ्यांची उंची दीड मीटर धरा. दोन मीटरवरचं पाणी फक्त ४ टक्के परत फेकेल, दहा मीटरवरचं शांत पाणी ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणून पायाजवळचं पाणी काच असतं आणि लांबचं पाणी आरसा. जवळचा पोरगा काढताना त्याचे पाण्याखालचे पाय विचारात घ्या. लांबच्या माणसांचे पाय विसरून जा, तिथे फक्त आकाश आणि प्रतिबिंब.

यात एक मेख आहे. माणसाचं गडद प्रतिबिंब जिथे पडतं तिथे आकाशाची चमक अडते, त्यामुळे स्वच्छ पाण्यात नेमकं त्या प्रतिबिंबाच्या आतून तळ जास्त दिसतो. दगडगोटे दाखवायचे तर ते तिथे दाखवा, चकाकणाऱ्या भागात नाही.

हे झालं स्वच्छ पाण्याचं. आमच्या मुडावदला पांझरा तापीला मिळते. तिथे ऐन पावसाळ्यात उभे राहा आणि मला निळा रंग शोधून दाखवा. पाणी दुधाच्या चहासारखं असतं. गाळ इतका की हात मनगटापर्यंत बुडवला तर बोटं दिसत नाहीत. अशा पाण्याचा स्वतःचा रंग असतो, पिवळट तपकिरी, आणि लांबवर त्यावर आकाशाचा करडा थर चढतो. डब्यातला निळा खडू सरळ बाजूला काढून ठेवा. मी पोरांकडून तो काढून घेतो आणि चित्र संपल्यावर परत देतो. एकाही चित्रात त्याची आठवण झालेली नाही.

गढूळ आणि स्वच्छ पाण्यातला आणखी एक फरक म्हणजे सावली. गढूळ पाण्यावर माणसाची सावली पडते, जवळजवळ जमिनीवर पडावी तशी, कारण वरचा गाळच तिला धरतो. स्वच्छ पाण्यावर सावली थांबत नाही, ती तळावर जाऊन पडते. सावली उन्हाच्या उलट दिशेला, प्रतिबिंब मात्र नेहमी आपल्या दिशेला. दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच रंगात काढलेली चित्रं खूप येतात.

नदी लांब असेल तर घरी बादली आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) टेबलावर हाताशी असलेल्या वस्तू मांडून आख्खे देखावे उभे करायचे आणि त्यांचे फोटो काढायचे. त्यांच्याकडून उचलावी अशी ही गोष्ट आहे. फिक्या रंगाच्या बादलीत स्वच्छ पाणी घ्या, त्यात लाटणं उभं धरा. तळापर्यंत लाटणं दिसतं, पण पाण्याच्या पातळीवर मोडल्यासारखं. आता शेतातली काळी माती एक चमचा वाटीत कालवून ओता आणि ढवळा. लाटण्याचं खालचं टोक आधी धूसर होतं, मग दिसेनासं. दुसऱ्या चमच्याला अर्धं लाटणं गेलं. तिसऱ्याला पातळीखाली फक्त बोटभर तपकिरी सावट उरतं, तेही कडा नसलेलं. तीनही टप्प्यांवर थांबून एकेक पाच मिनिटांचं रेखाटन करा. लाटणं गायब होताना काळं होत नाही, ते पाण्याच्या रंगाचं होतं. पाण्याखालचा पाय म्हणजे गडद पाय नव्हे, हे माझ्या डोक्यात त्या बादलीमुळे शिरलं. (लाटणं धुऊन जागेवर ठेवा. माझं एकदा राहिलं होतं आणि त्या दिवशी घरात चित्रकला हा विषय बंद होता.)

पाय आखूड दिसतात आणि लोक ते "दुरुस्त" करतात

स्वच्छ पाण्याचीच ही अडचण. चोपडा तालुक्यात उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, गोमुखातून पाणी कुंडात पडतं. अशा कुंडात उतरलेल्या माणसाचे पाय वरून बघितले की बुटके वाटतात आणि पावलं वर उचलल्यासारखी. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड पाण्यात किती वाकतो त्याचं माप, १.३३ आहे, त्यामुळे सरळ वरून बघितलं तर ६० सेंटिमीटर खोल पाणी ४५ सेंटिमीटरच वाटतं, आणि तिरकं बघितलं तर त्याहूनही उथळ. डोळ्याला दिसतं ते असं, पण शरीररचना शिकलेला हात ऐकत नाही. तो डोक्याच्या मापाने पाय मोजतो आणि पूर्ण लांबीचे काढतो. मग पाणी नाहीसं होतं आणि माणूस काचेच्या मागे उभा राहिल्यासारखा दिसतो.

पाण्याखालचा पाय निदान चौथ्या हिश्शाने आखूड करा. पातळीवर तो किंचित सरकवा. कडा मऊ ठेवा, पण अख्खा पाय घोटू नका, म्हणजे बोटाने चोळून एकजीव करू नका. ऊन असेल तर तळावर उजेडाची जाळी हलत असते, ती पायावरूनही जाते आणि पायाच्या गोलाईप्रमाणे वळते. मोडलेल्या फिक्या पिवळ्या खडूच्या धारेने तिच्या चार-पाच रेषा पुरतात. सावलीच्या भागात ही जाळी नसते.

प्रतिबिंब

प्रतिबिंब बिघडतं ते दोनच कारणांनी. एक, लोक बुडालेल्या भागाचंही प्रतिबिंब काढतात. दीड मीटर उंचीची बाई अर्धा मीटर पाण्यात उभी असेल तर प्रतिबिंब एक मीटरचंच, पातळीपासून सुरू होणारं. दोन, फोटो उलटा करून चिकटवावा तसं काढतात. पाणी आपल्या डोळ्याने बघत नाही, ते खालून बघतं. वाकून तांब्या भरणाऱ्या बाईचा आपल्याला माथा आणि पाठ दिसते. प्रतिबिंबात हनुवटी, गळा, हाताची आतली बाजू, तांब्याचा तळ. तांब्या जसा पाण्याजवळ येतो तसा खालचा तांब्याही वर येतो आणि दोघे पातळीवर भेटतात. हा क्षण पेस्टलमध्ये काढायला मला फार आवडतो आणि मी तो अजून तरी मनासारखा काढलेला नाही.

छटांचं साधं गणित: उजळ वस्तू पाण्यात थोडी गडद दिसते, गडद वस्तू थोडी उजळ. पांढरा सदरा पाण्यात पांढरा नसतो. आणि तरंग असतील तर प्रतिबिंब आडवं पसरत नाही, उभं लांबतं आणि आडव्या फटींनी तुटतं. म्हणून खडू आधी उभा ओढायचा, मग आकाशाच्या रंगाने आडवे मोजके छेद द्यायचे. उलट क्रम केला की झेब्रा होतो.

ओलं अंग प्लास्टिकसारखं दिसतं

इथे सगळा दोष पांढऱ्या खडूचा. शाळेच्या डब्यात "स्किन कलर" म्हणून एक गुलाबी खडू येतो. पांझरेवर त्या रंगाचा माणूस मला आजवर भेटलेला नाही. पोरं आधी तो घासतात, मग ओलं दाखवायला पांढरे ठिपके देतात. सावळं अंग भिजलं की आणखी गडद आणि रंगाने भरलेलं होतं, आणि त्यावरची चमक ही आकाशाची असते, म्हणजे निळसर करडी. गडद तपकिरी खांद्यावर फिका निळसर करडा खडू एकदाच, दाबून, आणि हात उचलायचा. शुद्ध पांढरा चित्रात तीन-चार ठिकाणी पुरतो.

त्याहून जास्त काम करतो तो खालून येणारा उजेड. दुपारी पाण्यावरून उसळलेलं ऊन हनुवटीखाली, दंडाच्या खालच्या बाजूला, पोटावर पडतं. जिथे एरवी सावली गडद काढली असती तिथे पाण्याचा रंग घातला की माणूस पाण्याशी बांधला जातो. गढूळ पाणी असेल तर तिथे मातकट उबदार पिवळा येईल. कुंडात हिरवट.

रंगांचा चिखल होतो, पुढचा खडू धरत नाही

ही तक्रार पाण्याच्या चित्रात जास्त का येते? कारण पाणी म्हटलं की हात घोटायला जातो. पाणी मऊ म्हणून खडूही मऊ करायचा. शिवाय आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर असतो, बोटाला घाम असतो, आणि घामाचं बोट फिरलं की सॉफ्ट पेस्टलची पूड तिथेच लिंपल्यासारखी बसते. त्यावर दुसरा खडू घसरतो. बोटाऐवजी टीव्ही किंवा मिक्सरच्या खोक्यातला पॅकिंगचा पांढरा फोम वापरा, बोटाएवढा तुकडा कापून. आणि घोटणं फक्त पहिल्या थरापुरतं. वरचे थर घोटायचे नाहीत, खडूचा फटकारा तसाच राहू द्यायचा. पाणी हलतंय असं वाटतं ते त्या न घोटलेल्या फटकाऱ्यांमुळे.

कागदाची खर (पूड धरून ठेवणारा खडबडीतपणा) भरून गेली असेल तर ताठ केसांच्या ब्रशने, तेलरंगाच्या जुन्या ब्रशने, पूड झाडून काढा. झाडताना चित्र उभं धरा म्हणजे पूड खाली पडेल. तोंडाने फुंकू नका. ती पूड रंगद्रव्याची आहे, छातीत जायला नको. मास्क लावा आणि टेबल ओल्या फडक्याने पुसा. पंखा चित्राच्या बाजूला असेल तर बंद करा. मे महिन्यात हे सांगणं क्रूर आहे, कबूल.

कागदाबद्दल थोडक्यात. कॅन्सनचा मि-टिंट्स १६० ग्रॅमचा असतो, एका बाजूला मधाच्या पोळ्यासारखी जाळी, दुसरी बाजू त्या मानाने गुळगुळीत. पाण्याला गुळगुळीत बाजू घ्या, नाहीतर ती जाळी पाण्यातून डोकावत राहते. रंग तपकिरी किंवा करडा घ्या, पांढरा नको. सरावाला हार्डवेअरच्या दुकानातला बारीक पॉलिश पेपर चालतो, ४०० नंबरच्या पुढचा, वॉटरप्रूफ. तो खडू खातो आणि वर्षानुवर्षं टिकणारा कागदही नाही, पण थर भरपूर घेतो. त्यावर पहिला थर लावून मेडिकलमधलं स्पिरिट ब्रशने फिरवलं तर तो थर पक्का बसतो आणि खर रिकामीच राहते. गॅस-समई जवळ नको, आणि खिडकी उघडी ठेवा.

फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड कागदाला धरून ठेवणारा फवारा, एक फुटावरून, हलकं, मधल्या थरांवर. देगाही थरांच्या मध्ये फिक्सेटिव्ह मारून काम करायचा. पण त्याने रंग गडद होतात आणि पांढरा बसून जातो. पाण्यावरची चमक मारली, मग वरून फवारलं, आणि सकाळी चमक गायब, हे ज्यांच्या बाबतीत झालंय त्यांना कारण आता कळलं असेल. शेवटची चमक फवाऱ्यानंतर द्यायची आणि तिच्यावर पुन्हा फवारायचं नाही.

कुलर

हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगावं लागत नाही. कुलरसमोर पेस्टलचा कागद ठेवू नका. एका मे महिन्यात तापीवरच्या म्हशी आणि पोरं असं मोठं चित्र मी कुलरच्या झोतात तीन दिवस ठेवलं होतं. दमट हवेने कागदाला लाटा आल्या, अगदी खऱ्या, आणि त्या पाण्याच्या जागी न येता नेमक्या आकाशात आल्या. कागद चारही बाजूंनी टेपने जाड पुठ्ठ्यावर घट्ट चिकटवा आणि काम पहाटे उरका.

ऑइल पेस्टलवाल्यांचं दुखणं वेगळं. ते खडू या उन्हात लोण्यासारखे होतात, टोक टेकवलं की थापलं जातं, आणि ते कधीच पूर्ण वाळत नाहीत. स्टीलच्या डब्यात घालून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवले की धार परत येते. पातळीची तुटक कड काढताना हा उपाय हमखास लागतो. चित्र बटर पेपरखाली ठेवा, पण दाबून नाही, आणि त्यावर दुसरी चित्रं रचू नका.

आधीच कापला गेलेला माणूस वाचवता येतो का?

येतो, जर कागद फाटेपर्यंत घोटलेला नसेल. माझं कानबाईचं चित्र मी असंच वाचवलं. गुडघ्यांच्या वर-खाली, लुगड्याच्या काठापासून पाण्यापर्यंत, दोन विती हिशोबाचा पट्टा (कागदावर तो चार बोटंच होता) ताठ ब्रशने झाडून कागद दिसेपर्यंत आणला. पुट्टी रबर (मळता येणारं मऊ खोडरबर) दाबून उरलेली पूड उचलली. घासलं नाही, नुसतं टेकवलं आणि उचललं. मग हलका फवारा. वाळल्यावर सेपिया आडवा धरून वरून खाली, साडीतून पाण्यात. ओल निऱ्यांमध्ये वर चढवली. निळं पाणी झाडून त्यावर गढूळ करडा आणला, मात्र सगळीकडे नाही; लांबच्या पाण्यात करड्याखालून थोडा जुना निळा राहू दिला आणि तो आकाश म्हणून खपून गेला. शेवटी डाव्या बाजूला कडेचे दोन तुटक तुकडे. एकूण तासाभराचं काम.

काकूंना परत दाखवलं. या वेळी त्यांनी पाण्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांची नजर वर गेली आणि त्यांनी विचारलं की कानबाईची नथ कुठे आहे. होती, पण एका पिवळ्या ठिपक्याएवढी. खडूच्या टोकाने ती साधेना. पिवळा खडू मधोमध मोडला, तुटलेल्या कोरेने नथीचा वळसा घेतला, आणि मोत्यासाठी मात्र पेस्टल पेन्सिल लागली.